घेऊन गेले

स्पॅनिश शिकायला लागल्यावर माझी पहिली ठळक चूक झाली ती ‘आवडणे’ या साध्या क्रियापदात. मला संगीत आवडतं, एवढंच सांगायचं होतं. सवयीप्रमाणे मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवलं. ‘मी’ कर्ता, आवडणं ही माझी क्रिया, संगीत कर्म. आणि ‘यो गुस्तो ला मूसिका’ असं म्हणून मोकळी झाले. बाईंनी मान हलवली आणि फळ्यावर लिहिलं, ‘मे गुस्ता ला मूसिका’. मग ‘मूसिका’पासून ‘गुस्ता’पर्यंत एक बाण काढला. क्रियापद संगीताचं ऐकतं, माझं नाही. ‘मे’ म्हणजे ‘मला’. गाणी अनेक असली की ‘मे गुस्तान’.

वर्गात कुरबूर सुरू झाली. मी मात्र त्या बाणाकडे बघत बसले होते. मला संगीत आवडतं. मला गाणी आवडतात. मराठीतही आवडण्याचा कर्ता मी नसतेच. गाणं येऊन मला आवडतं, मी फक्त ‘ला’ लावून बाजूला उभी असते. घरातून थेट जाता येईल अशा ठिकाणी मी तिसऱ्याच भाषेच्या दारातून वळसा घालून गेले होते. त्या संध्याकाळी वहीच्या डाव्या पानावर स्पॅनिश आणि उजव्या पानावर मराठी लिहायला सुरुवात केली. तीन वर्षं ती पद्धत सोडली नाही.

उजवं पान भराभर भरत गेलं. हातातून पेला पडला की स्पॅनिशमध्ये ‘से मे कायो एल वासो’ म्हणतात. पेला पडला, आणि ते माझ्या बाबतीत घडलं. आपण म्हणतो, माझ्या हातून पेला पडला. ‘मी पेला पाडला’ हे निराळं वाक्य आहे, त्यात हेतू येतो. ‘से मे ओल्विदो’, माझ्या लक्षातून गेलं. करणं आणि हातून होणं यांतला फरक दोन्ही भाषा व्याकरणातच जपून ठेवतात. या प्रकाराला आमच्या पाठ्यपुस्तकात दोन पानं होती आणि अपवादांची भलीमोठी चौकट होती. मला त्या चौकटीची गरज पडली नाही.

बाई ब्यूनोस आयरेसच्या. त्यांच्या तोंडी ‘कायो’चं ‘काशो’ व्हायचं, ‘यो’चं ‘शो’. त्या आम्हाला ‘वोस’ म्हणायच्या आणि आम्हीही त्यांना ‘वोस’च म्हणावं असा त्यांचा आग्रह. ‘वोस’ म्हणजे चक्क ‘तू’. शिकवणाऱ्या बाईंना अरे-तुरे करायचं! मी पहिले दोन महिने आदरार्थी ‘उस्तेद’ला चिकटून राहिले, कारण जीभच वळेना. पुढे कळलं की हा ‘वोस’ एके काळी उमरावांसाठीचा शब्द होता. त्याची झळाळी उतरत गेली, आदरासाठी ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली मेहेरबानी’ अशा वळणाचं संबोधन रूढ झालं आणि ते झिजून झिजून ‘उस्तेद’ झालं. स्पेनमधून ‘वोस’ जवळजवळ पुसलाच गेला. अर्जेंटिना, उरुग्वे, पाराग्वे आणि मध्य अमेरिकेच्या बऱ्याच भागात तो टिकला, पण जिवलगांचा शब्द होऊन. एका सर्वनामाचा दरबारातून घरातल्या ओट्यापर्यंतचा हा प्रवास ऐकल्यावर मी बाईंना पहिल्यांदा ‘वोस’ म्हटलं. त्यांनी काहीच न घडल्यासारखं पुढचं वाक्य वाचायला सांगितलं.

दुसऱ्या वर्षी सुब्खुन्तिवो आला. स्पॅनिशच्या विद्यार्थ्यांत याची धास्ती असते, तशी ती मलाही होती. ‘तू येतोस’ हे घडतं आहे, म्हणून ‘बिएनेस’. पण ‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे’ म्हटलं की ते येणं अजून फक्त मनात आहे, म्हणून क्रियापद रूप बदलतं, ‘बेंगास’. मी उजव्या पानावर ‘यावंस’ लिहिलं आणि धास्ती तिथेच संपली. शाळेत आपण ज्याला विध्यर्थ म्हणून घोकतो, तेच हे घर. शंका, इच्छा, भीती, विनंती, जे अजून जगात उतरलेलं नाही त्या सगळ्याला वेगळं रूप. ‘ओखाला युएवा’, पाऊस पडो. या ‘ओखाला’चं मूळ अरबीत आहे, अल्लाहची मर्जी असेल तर अशा अर्थाच्या उद्गारात. मशिदींची चर्चेस झाली, मुसलमानांना आधी बाटवलं आणि मग १६०९ पासून हाकलूनही दिलं, पण मनातली इच्छा बोलून दाखवायची वेळ आली की स्पॅनिश माणूस आजही त्याच अरबी उद्गाराचा आधार घेतो.

शब्दांच्या इतिहासाचा तास मला सगळ्यांत आवडायचा. इसवी सन ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम फौजा इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात, उतरल्या. तिथपासून १४९२ पर्यंत, जवळजवळ आठशे वर्षं, द्वीपकल्पाच्या कुठल्या ना कुठल्या भागात अरबी राज्यकर्त्यांची आणि बाजारपेठेची भाषा होती. तिने स्पॅनिशला हजारो शब्द दिले. त्यांतला ‘आखेद्रेस’ म्हणजे बुद्धिबळ. अरबी ‘शतरंज’ला ‘अल’ हे उपपद चिकटून तो झाला, शतरंज फारसीतून आला आणि फारसीत आला तो संस्कृत ‘चतुरंग’ या शब्दातून. हत्ती, घोडे, रथ, पायदळ. साखरेला ‘आसूकार’, तीही शर्करेचीच पणती. १२८३ मध्ये सेव्हिलमध्ये राजा दहाव्या आल्फोन्सोने खेळांवरचा एक सचित्र ग्रंथ पूर्ण करून घेतला. त्यात पटावर मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू एकमेकांसमोर बसलेले दिसतात. त्यातलं एक चित्र मी बराच वेळ निरखत बसले होते. दोन खेळाडू, मधे पट, आणि पटावर आपला चतुरंग, नाव बदलून गेलेला.

१४९२ हे वर्ष तर प्रत्येक विषयात पुन्हा पुन्हा भेटायचं. २ जानेवारीला ग्रानादा हे तिथलं शेवटचं मुस्लिम राज्य पडलं. ३१ मार्चला ज्यूंना हाकलण्याचा हुकूम निघाला. ३ ऑगस्टला कोलंबस पालोस बंदरातून निघाला. आणि १८ ऑगस्टला सालामांका इथे आंतोनियो दे नेब्रिखाचं कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश, भाषेचं व्याकरण छापून पूर्ण झालं. राणी इसाबेलला अर्पण केलेल्या प्रस्तावनेत नेब्रिखा लिहितो की भाषा ही नेहमीच साम्राज्याची सोबतीण राहिली आहे. जिंकलेल्या लोकांना विजेत्याचे कायदे पाळावे लागतील, त्यासाठी भाषा शिकावी लागेल, तेव्हा हे व्याकरण उपयोगी पडेल. कोलंबस तेव्हा समुद्रात होता, अमेरिका अजून स्पेनमध्ये कुणाला ठाऊक नव्हती. ती प्रस्तावना मी भाषेवरच्या प्रेमापोटी उघडली होती. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर फिरून आले.

त्याच नेब्रिखाच्या नंतरच्या शब्दकोशात ‘कानोआ’ हा शब्द येतो. अमेरिकेतून स्पॅनिश कोशात शिरलेला हा पहिला शब्द मानतात. तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. ‘उराकान’ही त्यांचाच, आपण बातम्यांत ऐकतो ते हरिकेन. ‘आमाका’, म्हणजे झुलता बिछाना, तोही त्यांचाच. रोगराई, वेठबिगार आणि कत्तलींनी काही दशकांतच ताइनो समाज उद्ध्वस्त झाला आणि त्यांची भाषा बोलणारं कुणी उरलं नाही. होडी राहिली, वादळ राहिलं. माणसं गेली.

ज्यांना हाकललं त्या ज्यूंनी मात्र भाषा बरोबर नेली. ग्रीसमधल्या सालोनिकीत, इस्तंबूलमध्ये त्यांची वंशपरंपरा चारशे-साडेचारशे वर्षं स्पॅनिश बोलत राहिली, तीही जुन्या वळणाची. स्पेनमधल्या स्पॅनिशने पुढे टाकून दिलेले उच्चार त्यांनी सांभाळले. सालोनिकीतल्या बहुसंख्य ज्यूंना १९४३ मध्ये नाझींनी आउशवित्झला नेलं. ही भाषा मी पहिल्यांदा ध्वनिमुद्रणात ऐकली तेव्हा अर्ध्याहून अधिक कळली, आणि कळली म्हणूनच ऐकवेना.

पण ज्या एका क्रियापदाने माझा हा सगळा अभ्यास बदलून टाकला ते म्हणजे ‘देसापारेसेर’, नाहीसं होणं. हे क्रियापद अकर्मक. धुकं नाहीसं होतं, किल्ली नाहीशी होते. कर्म घेत नाही. मात्र लॅटिन अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत ‘लो देसापारेसिएरोन’ असं वाक्य भेटतं. त्याला नाहीसं केलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली. बाई म्हणाल्या, चूक नाही, लोकांना ते वाक्य असंच लागलं, कारण जे घडलं त्याला दुसरं व्याकरण पुरलं नाही.

२४ मार्च १९७६ रोजी अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली. १९८३ पर्यंत माणसं घरातून, रस्त्यावरून, कामावरून उचलली जात आणि सरकार म्हणे, आम्हाला काही माहीत नाही. लोकशाही परतल्यावर नेमलेल्या आयोगाने १९८४ च्या अहवालात जवळजवळ नऊ हजार जणांची नोंद केली. मानवी हक्क संघटना ३० हजार हा आकडा धरतात. मुलांना शोधणाऱ्या चौदा बायका ३० एप्रिल १९७७ रोजी ब्यूनोस आयरेसच्या प्लासा दे मायो चौकात, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयासमोर, एकत्र आल्या. जमावबंदी होती. पोलिसांनी फर्मावलं, ‘सिर्कूलेन’. थांबू नका, चालत्या व्हा. त्या चालत्या झाल्या. दोघी-दोघी हातात हात घालून चौकातल्या स्तंभाभोवती गोल गोल. पोलिसांचं क्रियापद त्यांनी पोलिसांसमोरच पाळून दाखवलं आणि पुढची कित्येक दशकं दर गुरुवारी पाळत राहिल्या. डोक्याला पांढरे रुमाल. सुरुवातीला ते तान्ह्या मुलांचे लंगोट होते. त्यांना एकत्र आणणाऱ्या आसुसेना विय्याफ्लोर यांनाच डिसेंबर १९७७ मध्ये उचलून नेलं. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या आणि बेनाव पुरलेल्या मृतदेहांतून त्यांची ओळख पटली २००५ मध्ये.

या सगळ्याचा व्याकरणाशी काय संबंध, असं तेव्हा वर्गात एकाने विचारलं होतं. बाईंनी उत्तर दिलं नाही, पुढच्या तासाला एक ध्वनिचित्रफीत लावली. १९७९, पत्रकार परिषद, हुकूमशहा व्हिदेला. बेपत्ता लोकांबद्दल विचारल्यावर तो हाताने हवेत काहीतरी पुसल्यासारखं करतो आणि सांगतो, बेपत्ता माणूस म्हणजे एक अज्ञात गोष्ट, त्याला अस्तित्व नाही, तो नाही, मेलेला नाही की जिवंत नाही, तो बेपत्ता आहे.

स्पॅनिशमध्ये ‘असणे’ची दोन क्रियापदं आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. नवशिक्यांना ढोबळ नियम देतात, कायमचं ते ‘सेर’, तात्पुरतं ते ‘एस्तार’. मग कुणीतरी विचारतंच, की मरण तर कायमचं, तरी ‘एस्ता मुएर्तो’ का? त्याचं उत्तर असं की अशा वाक्यांत ‘एस्तार’ हे काहीतरी घडून गेल्यावर उरलेली स्थिती सांगतं. दार उघडलं गेलं म्हणून उघडं आहे. माणूस मेला म्हणून मेलेला आहे. म्हणजे इथे ‘एस्तार’च्या मागे काहीतरी घडलेलं असतं. व्हिदेलाने ‘एस्ता देसापारेसिदो’ म्हटलं तेव्हा घडलेल्या गोष्टीचा उरलेला भाग तेवढा सांगितला आणि गोष्ट गिळून टाकली. जणू तो माणूस किल्लीसारखा आपोआप दिसेनासा झाला. आईंना म्हणूनच ते अकर्मक क्रियापद मान्य होण्यासारखं नव्हतं. कुणीतरी केल्याशिवाय माणूस नाहीसा होत नाही. होणं आणि करणं, तोच तो माझ्या हातून पडलेला पेला, पण इथे ‘हातून पडला’ म्हणणारा खोटं बोलत होता.

तिसऱ्या वर्षी भाषांतराचा प्रकल्प होता. प्रत्येकाने आपापल्या भाषेत एक साक्ष आणायची आणि ती वर्गात शब्दशः उलगडून दाखवायची. माझ्या उताऱ्यात, नाहीशा केलेल्या एका मुलाच्या आईच्या साक्षीत, एक अगदी छोटं वाक्य होतं. ‘से लो येवारोन दे नोचे’. मी लिहून नेलं होतं, ‘त्याला रात्री नेलं.’ मला ते चोख वाटत होतं. स्पॅनिशइतकंच आटोपशीर.

एकेक शब्दाचा अर्थ सांगत मी ‘नेलं’वर आले. बाईंनी विचारलं, यात ‘ते’ कुठे आहेत? ‘येवारोन’च्या शेवटी जो ‘रोन’ आहे, तो माणसं दाखवतो. नाव नाही, पण माणसं आहेत, एकाहून अधिक. तुझ्या शब्दात ती कुठे आहेत? मी सांगू लागले की मराठीत या काळात क्रियापद कर्त्याच्या मागे जात नाही, कर्माच्या मागे जातं, किंवा कर्माला ‘ला’ लागलेला असला की नपुंसकलिंगी होऊन बसतं. सांगता सांगता माझा आवाज उतरला.

“म्हणजे तुझ्या वाक्यात त्याला कुणीच नेलेलं नाही,” बाई म्हणाल्या.

मी घरी येऊन ‘त्यांनी’ घातलं. ‘त्यांनी त्याला रात्री नेलं.’ वाचून पाहिलं. कोण त्यांनी? आधी कुणाचा उल्लेख नाही. शिवाय मराठीतला ‘त्यांनी’ आदराचाही असतो, कुणी वडीलधारे येऊन घेऊन गेले असावेत असा भास झाला. ते तर असह्य. ‘सैनिकांनी’ लिहिलं, पण आईने सैनिक म्हटलं नव्हतं, ते साध्या कपड्यांत आले होते. ‘कुणीतरी’ लिहिलं, तर व्हिदेलाच्या हाताने हवेत पुसल्यासारखं झालं. ‘त्याला रात्री नेण्यात आलं’ हे सरकारी परिपत्रक. खोडून खोडून उजव्या पानाला भोक पडायची वेळ आली.

चार दिवसांनी ते वाक्य अभ्यासाच्या टेबलावर नाही, बसच्या रांगेत मिळालं. पुढे दोन बायका बोलत होत्या. शेजारच्या कुठल्याशा मुलाची गोष्ट, नीट ऐकूही आली नाही. एवढं मात्र कानावर पडलं, “रात्री आले आणि घेऊन गेले ना त्याला.” मी तिथेच वही काढली. घेऊन गेले. ‘जाणे’ अकर्मक, म्हणून ते भूतकाळातही कर्त्याचाच हात धरतं. ‘गेले’ या एकाराच्या मात्रेत माणसं उभी आहेत. नाव नाही, चेहरा नाही, पण आहेत, आणि एकाहून अधिक. ‘रोन’ला मराठीत एक मात्रा पुरली. आणि ‘येवार्से’तलं ते ‘से’, आपल्याबरोबर नेणं, तेही ‘घेऊन’मध्ये आलं.

रात्री येऊन त्याला घेऊन गेले.

बाईंना वाचून दाखवलं. पुन्हा उलगडून सांगितलं, मात्रेवर बोट ठेवून. त्यांनी ती मात्रा माझ्या वहीत स्वतःच्या हाताने गिरवली. देवनागरीतली त्यांची ती पहिली मात्रा, जरा जाड आणि शिरोरेघेपासून सुटलेली.

त्या साक्षीतल्या एका शब्दाशी मात्र माझी झटापट अजून चालू आहे. ‘नुएस्त्रोस इखोस’. आमची मुलं, की आपली मुलं? स्पॅनिशला हा प्रश्नच पडत नाही. तिच्याकडे ‘नोसोत्रोस’ एवढं एकच ‘आम्ही’ आहे, आणि त्या ‘आम्ही’च्या पोटात ‘ओत्रोस’, म्हणजे ‘इतर’, हा शब्द बसलेला आहे. ऐकणाऱ्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे ती सांगत नाही. मराठीला ते सांगावंच लागतं.

आणि मराठी एकटी नाही. पाराग्वेत स्पॅनिशबरोबर ग्वारानी घराघरांत बोलली जाते, ज्यांचं रक्त आदिवासी नाही अशांच्या घरांतही. १९९२ च्या राज्यघटनेने तिला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केलं. त्याच वर्षी डिसेंबरात राजधानी आसुन्सिओनजवळच्या एका पोलीस ठाण्यात हुकूमशहा स्त्रोएसनेरच्या राजवटीचे दप्तरखाने सापडले, पळवलेल्या आणि छळलेल्या माणसांच्या नोंदींचे ढीग. या ग्वारानीत ‘ओरे’ म्हणजे तुम्हाला सोडून आम्ही, आणि ‘न्यान्दे’ म्हणजे तुमच्यासकट आपण. अँडीजमधल्या केचुआतही हा भेद आहे. नेब्रिखाच्या व्याकरणातली भाषा पुढे ज्यांच्यावर लादली गेली त्या लोकांच्या भाषांत आपला ‘आपण’ होता. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

प्लासा दे मायोच्या आईंपैकी काहींनी पुढे जाहीर केलं की नाहीशा केलेल्या सगळ्यांच्याच आम्ही आया आहोत. रुमालावर भरतकामाने घातलेली स्वतःच्या मुलाची नावंही काहींनी उतरवली. हे वाचून मी ‘आपली मुलं’ लिहिते. मग साक्ष देणारी ती एक बाई आठवते. तिने तारीख सांगितली आहे, शर्टाचा रंग सांगितला आहे, जिन्यावर वाजलेले बूट सांगितले आहेत. तिचं ते मूल मी असं सगळ्यांत वाटून टाकू का? मी पुन्हा ‘आमची’ करते.

उजव्या पानावर दोन्ही शब्द आहेत, एकाखाली एक. दोन्हींपैकी एकही अजून खोडलेला नाही.